मेंटलची राख आणि मोनाझाइटचा कण

माझे वडील गॅसबत्त्या भाड्याने देत असत. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या साकोलीकडच्या पट्ट्यात वीज पोचण्याआधी लग्नाची वरात असो, भागवत सप्ताह असो की दिवाळीनंतरच्या मंडईतली रात्रभराची दंडार असो, उजेड आमच्या घरून जात असे. घरी सहा बत्त्या होत्या. चार चालू असत आणि दोन दुरुस्तीला पडलेल्या असत. संध्याकाळी ओसरीवर गोणपाट अंथरून बाबा त्या एका ओळीत मांडत, टाकीत घासलेट भरत, निप्पलमधून बारीक पिन फिरवत, आणि मग शर्टाच्या खिशातून कागदाची चपटी पुडी काढत. त्या पुडीत मेंटल असे.

नवे मेंटल म्हणजे बाळाच्या टोपड्यासारखी पांढरी, मऊ जाळी. तिच्या तोंडाशी ओवलेला दोरा बत्तीच्या चिनीमातीच्या नळीवर घट्ट बांधायचा, सुरकुत्या बोटाने सारख्या करायच्या आणि खालच्या वाटीत स्पिरिट पेटवायचे. जाळी आधी काळी पडे, मग तिच्यातला धागा जळून जाई, आणि ती आक्रसून लिंबाएवढी होई. पंप मारल्यावर सूंऽ असा आवाज करत ती भगभगून पांढरी पेटे आणि ओसरीच्या कुडावरची प्रत्येक सारवणरेघ दिसू लागे. बत्ती विझल्यानंतर जे उरे त्याला जाळीचा आकार असे. जाळी मात्र राहिलेली नसे. मी एकदा बोट पुढे केले तेव्हा बाबांनी मनगट धरले आणि म्हणाले, “हात नोको लावजो पोरा, निस्ती राख हाये ते.” राख आहे तर ती जळत कशी नाही, आणि जळत नाही तर एवढा उजेड कशाचा, हे मी त्यांना विचारले होते. त्यांनी खरेपणाने सांगितले की त्यांना ठाऊक नाही. मेंटल साकोलीच्या दुकानातून येते, एवढे ते जाणत होते.

पुढे मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवू लागलो आणि नोकरीला बरीच वर्षे झाल्यावर त्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. ती राख थोरियमच्या ऑक्साइडची होती आणि तिच्यात सुमारे एक टक्का सिरियमचे ऑक्साइड होते. ही दोन्ही मूलद्रव्ये ज्या खनिजातून काढली जात त्याचे नाव मोनाझाइट. सिरियम, लँथेनम, निओडिमियम अशा दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे ते फॉस्फेट आहे आणि त्यात थोरियम मुरलेले असते. तेव्हापासून या खनिजाचा शोध कसा लागला याचा मी मिळेल तिथून माग काढत आलो आहे. हा माग काढताना एक गोष्ट सतत समोर येत राहिली. या घराण्यातली खनिजे शोधायला म्हणून क्वचितच कोणी निघाले होते. माणसे दुसऱ्याच कशाच्या मागे होती आणि ही खनिजे त्यांच्या हाताला लागली.

मोनाझाइट हे नाव १८२९ साली योहान ब्राइटहाउप्ट या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने दिले. तो फ्रायबर्गच्या खाणविद्यापीठात शिकवत असे आणि त्याच्यासमोरचा नमुना रशियातल्या उरल पर्वतरांगेतून, मियासजवळच्या इल्मेन डोंगरांतून आलेला होता. ग्रीक भाषेत ‘मोनाझेइन’ म्हणजे एकटे असणे. या खनिजाचे स्फटिक तिथे घोसाने न सापडता सुटे, एकएकटे सापडत, म्हणून हे नाव. नावात केवढा एकांत आहे, आणि प्रत्यक्षात हे खनिज जगभर विखुरलेले आहे! ग्रॅनाइट आणि नाइस या जातीच्या असंख्य खडकांत ते चिमूटचिमूट असते. तीच गोष्ट ‘दुर्मिळ मृदा’ या शब्दांची. सिरियम हे भूकवचात साधारण तांब्याइतकेच आहे. ते विखुरलेले असते आणि आपल्या भावंडांपासून वेगळे काढणे फार कष्टाचे असते, एवढीच काय ती त्याची दुर्मिळता.

याच घराण्यातले दुसरे खनिज झेनोटाइम. ते यिट्रियमचे फॉस्फेट आहे, आणि त्याची कथा मला मोनाझाइटच्या कथेपेक्षाही जास्त जवळची वाटते. १८१५ साली स्वीडनचा थोर रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस फालूनच्या परिसरातून आलेल्या एका खनिजाचे विश्लेषण करत होता. त्याला त्यात एक नवीनच मृदा, म्हणजे त्या काळच्या भाषेत एखाद्या धातूचे ऑक्साइड, आहे असे वाटले. नॉर्स पुराणातल्या थॉर या मेघगर्जनेच्या देवावरून त्याने तिला थोरिया असे नाव दिले. सुमारे दहा वर्षांनी त्याने ते काम पुन्हा तपासले, आणि आपली नवी मृदा म्हणजे आधीपासून माहीत असलेल्या यिट्रियमचे फॉस्फेट आहे, असे त्याने स्वतःच जाहीर केले. त्या काळात युरोपभर ज्याचा शब्द प्रमाण मानला जात होता अशा माणसाने आपली चूक आपणच छापून सांगितली. मी वर्गात हा प्रसंग दरवर्षी सांगत असे, कारण प्रयोगवहीतले चुकलेले आकडे खोडरबराने पुसून त्यावर बरोबरचे लिहिणारी मुले माझ्यासमोर बसलेली असत.

पुढे १८२८ साली नॉर्वेतल्या एका बेटावर एका धर्मोपदेशकाला काळा, जड दगड सापडला. मॉर्टेन एस्मार्क हे त्याचे नाव. त्याचे वडील येन्स एस्मार्क हे खनिजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनाही तो दगड ओळखता येईना, तेव्हा त्यांनी तो बर्झेलियसकडे धाडला. या वेळी त्यात खरोखरच एक नवे मूलद्रव्य निघाले आणि बर्झेलियसने मागे घेतलेले आपले जुने नाव त्याला देऊन टाकले. बाबांच्या मेंटलमधले थोरियम ते हेच. परंतु पहिली चूक विसरायला जग तयार नव्हते. १८३२ साली फ्रान्सच्या ब्यूदाँ या खनिजशास्त्रज्ञाने त्या जुन्या यिट्रियम फॉस्फेटला नाव देताना ‘केनोस’ म्हणजे पोकळ आणि ‘टिमे’ म्हणजे मान असे दोन ग्रीक शब्द जोडले. फुकाचा मान मिळवू पाहणाऱ्याला तो टोमणा होता. छपाईत ‘केनोटाइम’चे ‘झेनोटाइम’ झाले आणि टोमण्याची धार गेली. नव्या शब्दाचा अर्थ उलट ‘परका मान’ असा काहीतरी होऊन बसला. मला ब्यूदाँचे वागणे अन्यायाचे वाटते. ज्याने आपली चूक स्वतः दुरुस्त केली त्याला आणखी कोणी दुरुस्त करण्याचे कारण नव्हते. शिवाय बर्झेलियसच्या हातात त्या वेळी एक दुर्मिळ मृदा फॉस्फेट खनिज होतेच. मूलद्रव्य नवे शोधण्याच्या नादात खनिज नवे आहे याकडे त्याचे लक्ष गेले नाही, इतकेच म्हणता येईल.

तरीही पुढची साठ वर्षे या खनिजांचे कोणाला फारसे काम पडले नाही. संग्रहालयांच्या कपाटांत ती पडून राहिली. त्यांना बाहेर काढले ते व्हिएन्नाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने. दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये एकमेकांपासून वेगळी करण्यात त्याची हयात गेली. डिडिमियम नावाचे जे एक मूलद्रव्य समजले जात होते ते फोडून १८८५ साली त्याने निओडिमियम आणि प्रेसिओडिमियम ही दोन वेगळी काढली. त्याच वर्षी त्याने कापडी जाळी क्षारांच्या द्रावणात भिजवून गॅसच्या ज्योतीवर धरण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. पहिल्या मेंटलचा उजेड हिरवट पडे आणि ते लवकर मोडे. लोकांनी पाठ फिरवली आणि कारखाना बंद पडला. १८९१ साली त्याला मिश्रण साधले: नव्व्याण्णव भाग थोरियम ऑक्साइड, एक भाग सिरियम ऑक्साइड. थोरियम ऑक्साइड वितळायला ३,३०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, म्हणून ज्योतीत ते तग धरते. आणि दृश्य प्रकाश टाकण्याचे काम मुख्यत्वे त्या एका टक्क्याचे. मी ओसरीवर विचारलेला प्रश्न त्या माणसाने माझ्या जन्माच्या कितीतरी आधी सोडवून ठेवला होता, आणि त्याचे उत्तर साकोलीच्या दुकानात कागदाच्या पुडीत मिळत होते.

मेंटल चालले तसे थोरियम लागू लागले आणि थोरियमसाठी मोनाझाइट. सुरुवातीला ते मुख्यतः ब्राझीलच्या किनाऱ्यावरून येई. १९०९ साली शोमबर्ग नावाचा जर्मन रसायनशास्त्रज्ञ त्रावणकोरहून आलेल्या काथ्याच्या मालाला चिकटलेली रेती पाहत बसला होता. काथ्या विकत घेणाऱ्यांच्या दृष्टीने ती रेती म्हणजे मालातली खोट होती. शोमबर्गला तिच्यात मोनाझाइटचे पिवळे दाणे दिसले आणि त्या रेतीचा माग काढत तो मनवलाकुरिची या गावच्या किनाऱ्याशी पोचला. ते गाव तेव्हा त्रावणकोर संस्थानात होते, आज ते तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे. काही काळातच तिथे रेती निवडून मोनाझाइट बाहेर पाठवण्याचे काम सुरू झाले. सुतळी झटकली की खाली पडणारी रेती आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. ती झाडून टाकण्याआधी ओणवे होऊन पाहणारा माणूस विरळा, आणि या शोधाचे सारे श्रेय मी त्या ओणवे होण्याला देतो.

स्वातंत्र्यानंतर हे खनिज अणुऊर्जेच्या दृष्टीने मोलाचे ठरले. १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही संस्था स्थापन झाली, केरळात अलुवा येथे मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना उभा राहिला, आणि होमी भाभांच्या तीन टप्प्यांच्या योजनेत थोरियमला अखेरच्या टप्प्याचे स्थान मिळाले. त्याच त्रावणकोरच्या भूमीत मोनाझाइटचा एक थोरियमबहुल हिरवा भाऊबंदही सापडला. १९५३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि जुन्या चेर राज्यावरून त्याला चेरलाइट हे नाव मिळाले. आपल्या देशातल्या एका प्राचीन राज्याचे नाव अशा रीतीने या घराण्यात कायमचे कोरले गेले आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

हे सगळे वाचत असताना माझ्या मनात एक साधी गोष्ट घोळू लागली. विदर्भाचा पश्चिम भाग काळ्या बेसॉल्टचा आहे, पण आमच्याकडे, वैनगंगेच्या पूर्वेला, जमिनीखाली फार जुने ग्रॅनाइट आणि नाइस आहेत. डोंगरगडचा ग्रॅनाइट तर सुमारे २५० कोटी वर्षांचा मानला जातो. अशा खडकांत मोनाझाइटचे कण असणे ही नवलाची गोष्ट नव्हे. खडक झिजतो, फेल्डस्पारची माती होते, अभ्रक वाहून जाते, पण मोनाझाइट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि सहज कुजतही नाही. तिकडे छत्तीसगडमध्ये जशपूरच्या सिरी नदीच्या रेतीत झेनोटाइम सापडले आहे. मग आमच्या गावच्या नदीत बघायला काय हरकत आहे?

आमच्या पूर्व विदर्भात नदीची रेती धुऊन सोन्याचे कण वेचणारे सोनझरी लोक पूर्वी फिरत. लहानपणी मी त्यांना लाकडाच्या उथळ पात्रात रेती घोळताना पाहिले होते, आणि त्या हातांची लय माझ्या ध्यानात राहिली होती. गेल्या वर्षी पूर ओसरल्यावर मी घरची पितळी परात घेऊन नदीवर गेलो. जिथे पाण्याची ओढ कमी होते तिथेच जड दाणे खाली बसतात, म्हणून वळणाच्या आतल्या अंगाची आणि अर्जुनाच्या मुळांमागे साचलेली रेती घेतली. आमच्या घाटावर रात्री टिप्पर लागतात आणि नदीचे पोट खरवडले जाते. खणलेल्या खड्ड्यांपासून लांब, जुनी रेती शोधायला मला बरेच वर चालत जावे लागले, आणि त्या चालण्यात वाटलेले दुःख मी इथे लिहून ठेवतो.

परात पाण्यात तिरपी धरून गोल गोल हलवली की पांढरी रेती काठावरून निघून जाते. ती क्वार्ट्झची असते. तिची घनता पाण्याच्या २.६५ पट, तर मोनाझाइटची सुमारे पाच पट. तेवढ्या फरकावर सगळे काम चालते. तासाभराने परातीच्या बुडाशी काजळाच्या फटकाऱ्यासारखी एक काळी रेघ उरली. घरी आणून ती वाळवली, मोडक्या भोंग्यातला लोहचुंबक कागदात गुंडाळून तिच्यावरून फिरवला, तेव्हा मॅग्नेटाइटचे दाणे कागदाला मिशांसारखे उभे चिकटले. उरलेल्यांत लालसर गार्नेट होते, काळे इल्मेनाइट होते, आणि भिंगाखाली चार दाणे मधासारखे पिवळे होते. सुईच्या टोकाला थुंकी लावून ते एकेक करून उचलले आणि पांढऱ्या कागदावर ठेवले. त्यांतला एक दाणा कडांना गोल झिजलेला होता आणि त्याची चमक तुपकट, राळेसारखी होती.

मी हे करत असताना शेजारचे शेतकरी काका ओट्यावर येऊन बसले होते. डीएपी खताच्या रांगेत सकाळ घालवून ते परतले होते. या दाण्यात फॉस्फेट आहे असे मी सांगताच त्यांनी विचारले, “मंग हे धानाले चालते का, मास्तर?” प्रश्न अगदी रास्त होता. मी त्यांना सांगितले की यातला फॉस्फरस दुर्मिळ मृदांशी इतका घट्ट बांधलेला आहे की मुळांना तो ओढता येत नाही. कारखान्यातसुद्धा हे खनिज फोडायला कडक कॉस्टिक सोड्यात तापवावे लागते किंवा तीव्र गंधकाम्लात शिजवावे लागते. काका थोडा वेळ दाण्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणून तर नदीनं इतक्या दुरून आणूनबी त्याले खाल्लं नाही.” पंचवीस वर्षे मी खडकांचा अपक्षय शिकवला, पण इतक्या नेमकेपणाने मला तो कधी सांगता आला नव्हता.

पिवळा रंग पुरावा होत नाही. झिरकॉन हे झिरकोनियमचे खनिजही पिवळट असू शकते, तेही जड असते आणि तेही झिजत नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता नागपुरात भूविज्ञान शिकवते. मी तिला फोन केला. दिवाळीच्या सुट्टीत ती गावी आली तेव्हा किरणोत्सर्ग मोजण्याचे हातातले यंत्र सोबत घेऊन आली. आधी मी तिच्यापुढे बाबांचा पत्र्याचा डबा ठेवला, कारण त्यात जुन्या पिना, निप्पल आणि न उघडलेल्या मेंटलच्या दोन पुड्या अजून आहेत. यंत्र पुडीजवळ नेताच एरवी थांबून थांबून होणारी टिकटिक भराभर होऊ लागली. थोरियमचे अर्धे अणू क्षय पावायला सुमारे १,४०० कोटी वर्षे लागतात. पन्नास वर्षे डब्यात पडून राहिल्याने त्याला काहीच फरक पडत नाही. बाबा फुटलेल्या मेंटलची राख तोंडाने फुंकून उडवून देत असत, ते मला त्या क्षणी आठवले आणि मी बराच वेळ काही बोललो नाही. त्या राखेचा कण कातडीबाहेर असताना फार इजा करत नाही, श्वासातून आत गेला तर मात्र करू शकतो, हे आम्हाला कोणी सांगितलेले नव्हते. आता पुष्कळ मेंटलांत थोरियमऐवजी यिट्रियम वापरतात, असे तिने सांगितले. बर्झेलियसने यिट्रियमला थोरियम समजून घेतले होते. आज त्याच थोरियमची जागा यिट्रियमने घेतली आहे.

माझ्या चार दाण्यांजवळ मात्र यंत्र काहीच वेगळे बोलले नाही. एवढ्याशा दाण्याचे त्याला कळणार नाही, असे म्हणून तिने ते चिकटपट्टीवर घेतले आणि नागपूरला नेले. मी चार दाण्यांचे एवढे काय करतो आहे, असे घरच्यांना वाटत होते. मी त्यांना चंद्राची गोष्ट सांगितली. चांग-ई ५ या चिनी यानाने २०२० च्या डिसेंबरात चंद्रावरून १,७३१ ग्रॅम माती आणि खडे आणले. त्यातले १,४०,००० हून अधिक कण पाहिल्यानंतर संशोधकांना सुमारे १० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा एक स्फटिक वेगळा काढता आला, आणि २०२२ साली ते नवे खनिज म्हणून मान्य झाले. चांगेसाइट हे त्याचे नाव. तेही फॉस्फेटच आहे आणि त्याच्या नावापुढे यिट्रियमची खूण लावलेली आहे. ते ज्या मातीत मिळाले ती बेसॉल्टची, म्हणजे अकोला-अमरावतीकडे विहीर खणताना लागणाऱ्या काळ्या दगडाच्याच जातीची.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाणे ठेवून त्यांतून निघणारे क्ष-किरण तिने मोजले होते. फॉस्फरस आणि झिरकोनियम यांची शिखरे आलेखावर इतकी जवळ येतात की घाईत एकाला दुसरे समजले जाते. म्हणून तिने निवाडा पुढच्या शिखरांवर ठेवला होता. तीन दाण्यांत पुढे काही नव्हते, ती झिरकॉन होती. चौथ्या दाण्यात, त्या कडा झिजलेल्या तुपकट दाण्यात, लँथेनम होते, सिरियम होते, निओडिमियम होते आणि थोडे थोरियम होते. “सर, मोनाझाइट आहे,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज आठवीत पहिल्यांदा लिटमस लाल झाला तेव्हा होता तसा झाला.

तिने फोनवर चित्र पाठवले. त्या सूक्ष्मदर्शकात जड मूलद्रव्ये जास्त उजळ दिसतात. काळ्या पार्श्वभूमीवर तीन दाणे राखाडी होते आणि चौथा पांढराशुभ्र होता. ते चित्र मी आईला दाखवले. ती नव्वदीकडे झुकली आहे आणि तिला आता बारीक दिसत नाही. तिने फोन डोळ्यांजवळ धरला, लांब नेला आणि विचारले, “कोणाच्या लग्नातली बत्ती हाये हे?”

दाणा अजून नागपुरातच आहे. थोरियमपासून त्यात किती शिसे तयार झाले आहे ते मोजले तर त्याचे वय सांगता येईल, पण ते यंत्र तिच्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांची यादी लांब आहे. तिने तो राळेच्या चकतीत बसवून घासून ठेवला आहे आणि चकतीच्या मागे आमच्या गावाचे नाव लिहिले आहे.